बायकी म्हणे!

बडोद्यात कुठल्याही प्रदर्शनात जा. फुलं, मणी, झालरी आणि सोन्याने मढवलेल्या सिरॅमिकसमोर कुणीतरी हमखास म्हणणार, "जरा बायकीच आहे हो." नाजूक चालीच्या मुलालाही शाळेत हाच शब्द ऐकावा लागतो. (बायकांचा अपमान होतो तो वेगळाच.) म्हणूनच अनेक क्वीअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) कलावंत शोकेसमधली शोभेची वस्तू मुद्दाम हाती घेतात. आपल्या बडोद्याचे चित्रकार भूपेन खक्कर यांनी तर पुरुषांचं पुरुषांवरचं प्रेम चित्रांत उघड रंगवलं आणि पुढे सिरॅमिकही केलं. ब्रिटिश कलावंत ग्रेसन पेरी २००३ साली टर्नर पारितोषिक हा तिथला मोठा कला-पुरस्कार घ्यायला फ्रॉक घालून गेला, तेही फुलदाण्या घडवणारा म्हणून.

पण भट्टीला हेतू कळत नाही. पाकळी दोन मिलिमीटर आणि मागची भिंत आठ असेल तर पाकळी आधी सुकते, आकसते आणि मुळाशी चीर जाते. मे महिन्यात इथे त्याला फार वेळ लागत नाही. दोन्ही भाग चामड्याइतके घट्ट असतानाच ओरखडे काढा, त्याच मातीची स्लिप (पातळ राड) लावून दाबा, कडांना मेण लावा आणि दोन-तीन दिवस प्लास्टिकखाली झाकून ठेवा. पावसाळ्यात उलटं होतं: वरून कोरडा वाटणारा तुकडा गालाला गार लागला तर आत ओल आहे, भट्टीत घालू नका. पोकळ भागाला भोक हवंच, नाहीतर कोंडलेली वाफ तो फोडते. बिस्क, म्हणजे पहिली भाजणी, ९५० ते १००० अंश सेल्सिअसवर करतात, पण ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झ या खनिजाची रचना बदलते, तिथे चढताना आणि उतरताना घाई नको.

दुसरी भाजणी ग्लेझची, म्हणजे काचेसारख्या लेपाची; सोनं तिसऱ्या भाजणीत, साधारण ७०० ते ७५० अंशांवर. पातळ लागलं तर जांभळट दिसतं, जाड लागलं तर फोड येतात, आणि बोटाचा ठसा राहिला तर तो डाग कायमचा. मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, ग्लेझवर सोनंही मॅटच येतं. सोन्याच्या द्रवातलं तेल जळताना घाण धूर सुटतो, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा.

एवढा खटाटोप केलेल्या कामाला 'नुसती सजावट' म्हणायचं आणि चहाच्या साध्या राखाडी वाटीला 'शुद्ध', हे मला पटत नाही. तसंच इंद्रधनुषी झेंड्याचे सात रंग फासले की काम क्वीअर झालं, हेही नाही.

पुढच्या वेळी परवानगी मिळाली तर तुकड्याची मागची बाजू बघा. वाफेचं भोक कुठे आहे ते शोधा. चांगल्या हाताने ते एखाद्या फुलाच्या देठात लपवलेलं असतं.