मयूरशिखेला बी नसतं

"मयूरशिखेच्या सात बिया गायीच्या दुधातून घ्या, मुलगाच होईल." रामबागेतल्या आमच्या महिलांच्या ग्रुपवर हा निरोप महिनाभर फिरतोय. मी दोनदा वाचून सोडून दिला. गुरुवारी भाचीकडे गेले, तर तिच्या सासूबाईंनी पुडीच आणून ठेवलेली. पोरीला दुसरा महिना चालू आहे. आता गप्प बसवत नाही.

आधी त्या बियांचं बोलू. मयूरशिखा हा नेचा आहे, म्हणजे फर्न. नेच्याला फूल येत नाही, फळ धरत नाही, मग बी येणार कुठून? पावसाळ्यात इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्याला कातळाच्या भेगा बघा, बोटभर देठावर बारीक चिरलेला हिरवा पंखा दिसेल. त्याच्या मागच्या बाजूला, दुमडलेल्या कडांखाली बीजाणू असतात, नुसती धूळ. पुडीत मात्र मिरीएवढ्या टणक, तपकिरी बिया निघाल्या. कशाच्या, ते सासूबाईंना ठाऊक नाही, विकणाऱ्यानं सांगितलं नाही. आणि हे गरोदर पोरीनं गिळायचं?

मुलगा की मुलगी, हे गर्भ राहतानाच बापाकडून एक्स गुणसूत्र आलं की वाय, यावर ठरून गेलेलं असतं. दुसऱ्या महिन्यात कुठल्याही औषधानं ते फिरत नाही. पण बाळाचं हृदय, हातपाय, टाळू घडतात ते याच आठवड्यांत. हरियाणात मुलासाठी अशी देशी औषधं घेतलेल्या बायकांचा अभ्यास झाला, 2015 मध्ये 'ड्रग सेफ्टी' या नियतकालिकात तो छापून आला. त्यांच्या बाळांमध्ये जन्मजात व्यंगांचा धोका जास्त आढळला. सासूबाईंना मी हे समोर बसवून सांगितलं. भाचीची चार वर्षांची लेक तिथेच मांडीवर होती. तिच्यादेखत "यंदा तरी मुलगा" हे शब्द निघाले, ते मला अजून सलतंय.

त्याच निरोपात पुढे आणखी दावे आहेत. "वाळलेली मयूरशिखा पाण्यानं जिवंत होते," हे खरं आहे, तेवढं मान्य. उन्हाळ्यात तिची पानं आक्रसून करपल्यासारखी होतात, पाणी लागलं की उलगडतात. पण ती मेलेली नसतेच, कोरड सोसून असते. यावरून गर्भापर्यंत उडी कशी मारली?

"फक्त हिमालयात मिळते" हेही खोटं. आफ्रिकेपासून श्रीलंकेपर्यंत कोरड्या खडकांत ती उगवते. दाराला टांगून बाधा टळते, यावर मी शब्द खर्चणार नाही.

पुडी मी उचलून आणली आहे, भाचीच्या डॉक्टरांना दाखवणार आहे. तुमच्या घरी आली असेल तर तुम्हीही तेच करा, आणि कुणी आधीच घेतलं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.