हवापालट करून क्वार्टरबॅक बरा होत नाही

मार्च उजाडला, एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची लीग) फ्री एजन्सी सुरू झाली, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपलेले खेळाडू टीम बदलायला मोकळे झाले, की न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी ग्रुपवर तो मेसेज फिरायला लागतोच. या वेळी मला चार जणांकडून आला, त्यातला एक माझा मेव्हणा, ज्याला फर्स्ट डाऊन म्हणजे काय ते अजून दर रविवारी सांगावं लागतं. मेसेज असा (क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकून टीमचा अख्खा हल्ला चालवणारा): "क्वार्टरबॅक वाईट नसतो, टीम वाईट असते. डार्नोल्ड बघा, मेफील्ड बघा, जीनो स्मिथ बघा. टीम बदलली आणि सोनं झालं. तिथेच ठेवाल तर पोरगा वाया जाईल. नवीन गाव, नवीन हवा, प्रेशर कमी. म्हणून धडपडणाऱ्या प्रत्येक क्वार्टरबॅकला दुसरीकडे नवी सुरुवात मिळणं हा त्याचा हक्क आहे." खाली हात जोडलेले.

मी न्यूयॉर्क जेट्सवाला. आमचा एकमेव सुपर बोल (लीगचं विजेतेपद) जानेवारी १९६९ चा, त्यामुळे टीम वाईट असते म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. त्या तीन नावांतली दोन तर आमच्याच दारातून बाहेर पडलेली. म्हणजे खरं तर हा मेसेज मीच सगळ्यात आधी फॉरवर्ड करायला हवा होता. पण तो चूक आहे, आणि थोडाथोडका नाही.

"डार्नोल्डने टीम बदलली आणि चमकला." कुठली टीम बदलली ते सांगा ना. लोकांच्या डोक्यात सिनेमा असा की जेट्समधून निघाला आणि थेट सिॲटलला जाऊन २०२५ च्या सीझनचा सुपर बोल उचलला, तोही त्याच पॅट्रियट्सना हरवून ज्यांच्यासमोर २०१९ मध्ये ३३-० मार खाताना साइडलाइनवर बसून तो "भुतं दिसतायत" म्हणाला होता. चार इंटरसेप्शन (त्याने फेकलेला बॉल विरुद्ध टीमने पकडणं) होती त्या रात्री, मी बघत होतो, मलापण दिसत होती. पण मधलं काय? २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात तो) तिसऱ्या नंबरवर घेतलेला हा पोरगा २०२१ मध्ये कॅरोलायना पँथर्सकडे गेला. मेसेजमधली नवी सुरुवात ती हीच. पँथर्सनी त्याच्यासाठी तीन ड्राफ्ट पिक (निवडीच्या पाळ्या) मोजले, वर पुढच्या वर्षाचे जवळपास १ कोटी ८९ लाख डॉलर आधीच पक्के करून टाकले, नवीन कोच, नवीन गाव, न्यूयॉर्कचे पेपर नाहीत, सगळं होतं. पहिल्या तीन मॅच जिंकलापण. आणि मग? ११ स्टार्टमध्ये (सुरुवातीपासून खेळलेल्या मॅच) ९ टचडाऊन (गोलच समजा) आणि १३ इंटरसेप्शन. आगीतून उठून फुफाट्यात. पुढच्या उन्हाळ्यात पँथर्सनी त्याच्या डोक्यावर दुसरा क्वार्टरबॅक आणून बसवला.

त्याचं गाडं रुळावर आलं ते २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला, आणि तिथे तो खेळायला गेलाच नव्हता. बॅकअप म्हणून गेला होता, फार तर ४५ लाख डॉलरच्या कॉन्ट्रॅक्टवर, आणि बॅकअप कुणाचा तर ब्रॉक पर्डीचा, जो २०२२ च्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात शेवटी, २६२ व्या नंबरवर निवडला गेला होता. म्हणजे तिसऱ्या नंबरचा माणूस २६२ व्या नंबरवाल्याच्या मागे हेल्मेट घालून उभा. वर्षभर तिथल्या कोचच्या, काइल शॅनहनच्या मीटिंगमध्ये बसला, स्टार्ट मिळाली ती एक, शेवटच्या मॅचला. त्यानंतर मिनेसोटा व्हायकिंग्जने एक वर्षासाठी १ कोटी डॉलर देऊन घेतला तोपण तात्पुरता, कारण पुढचा मुख्य क्वार्टरबॅक म्हणून त्यांनी मॅकार्थीला ड्राफ्ट केलं होतं, मॅकार्थीचा गुडघा प्रीसीझनमध्येच गेला आणि जागा डार्नोल्डकडे आली. १४ जिंकल्या, ३ हरल्या, ३५ टचडाऊन. आणि एवढं करून प्लेऑफमध्ये रॅम्सनी त्याला नऊ वेळा सॅक केला (बॉल फेकायच्या आत आडवा पाडला) आणि व्हायकिंग्जने त्याला जाऊ दिला. मग सिॲटल, ती पाचवी टीम. तिथला तेव्हाचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (हल्ल्याचा कोच) क्लिंट कुबियाक, जो २०२३ मध्ये त्याच सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाफवर होता, म्हणजे भाषा ओळखीची, शिवाय त्याला तारायला लीगमधल्या सगळ्यात भक्कम डिफेन्सपैकी एक. हे सगळं गिळून टाकून "टीम बदलली, चमकला" लिहायचं म्हणजे माणूस तीन वेळा नापास होऊन, एक वर्ष घरी बसून अभ्यास करून पास झाला आणि श्रेय कशाला, तर कॉलेज बदललं त्याला.

"मेफील्डचं पण तेच." हो, तेच, म्हणजे मी सांगतोय तेच. २०१८ चा पहिला पिक. एक तर क्लीव्हलँडमध्ये तो वाया गेलेला नव्हता, २०२० मध्ये त्याने तिथल्या ब्राउन्सना ११-५ (११ जीत, ५ हार) नेलं आणि पिट्सबर्गला त्यांच्या घरात प्लेऑफमध्ये ४८-३७ हरवलं, क्लीव्हलँडमधल्या लोकांना विचारा ते किती वर्षांनी झालं होतं. पुढच्या वर्षी खांदा फाटलेला असताना खेळत राहिला आणि पडला. मग त्याची "नवी सुरुवात" कुठे झाली? परत पँथर्स! (त्या वर्षी त्यांच्याकडे २०१८ चा पहिला आणि तिसरा दोन्ही पिक होते, आणि तरी सीझन बुडाला, हे कुणीतरी म्युझियममध्ये ठेवायला हवं.) सहा स्टार्ट, एक विजय, डिसेंबरमध्ये नारळ. रॅम्सनी उचलला, मंगळवारी विमानातून उतरला आणि गुरुवारी रात्री ९८ यार्डांचा ड्राइव्ह करून रेडर्सना १७-१६ हरवलं. मग टँपा, ४० लाख डॉलर, एक वर्ष. एकेकाळच्या पहिल्या पिकसाठी हे चणेफुटाणेच. तिथून तो उभा राहिला, १० कोटींचं कॉन्ट्रॅक्ट त्यानंतरचं.

म्हणजे दोघांच्याही गोष्टीत दुसरी टीम साफ फसलेली आहे. मेसेजवाला ज्याला नवी सुरुवात म्हणतो तीच नेमकी फसते, कारण दुसरी टीम पिक देऊन घेते, पैसे मोजते, आणि मग तिला लगेच तारणहार हवा असतो. पोरगा तोच, पायांची सवय तीच, फक्त जर्सीचा रंग वेगळा. चालतं ते पुढचं, सिंहासन गेल्यावरचं. जेव्हा तो स्वस्त असतो, कुणी त्याच्याकडून काही मागत नसतं आणि त्याला गुपचूप शिकायला वेळ मिळतो.

जीनो स्मिथ तर याचा कळस. २०१५ ते २०२१, सात सीझनमध्ये मिळून पाच स्टार्ट. त्यातली एक न्यूयॉर्कच्याच जायंट्सकडून, आणि तीसुद्धा त्यांचा जुना क्वार्टरबॅक ईलाय मॅनिंगची सलग २१० मॅचची मालिका तोडून, म्हणजे अख्खं न्यूयॉर्क त्याच्यावर खवळलेलं, त्याची काही चूक नसताना. जायंट्स झाली, चार्जर्स झाली, टीम बदलून काय झालं? काही नाही. सिॲटलमध्ये रसेल विल्सनच्या मागे तीन वर्षं बसला, तेव्हा कुठे २०२२ मध्ये ३० टचडाऊन आणि कमबॅक प्लेअर ऑफ द इयर. मेसेज इथेच थांबतो. पुढे वाचा की राव. २०२५ मध्ये त्यालाच अजून एक नवी सुरुवात मिळाली, लास व्हेगासला, ओळखीचाच कोच पीट कॅरोल सोबतीला. लीगमध्ये सगळ्यात जास्त इंटरसेप्शन त्याची, आणि कॅरोलची एका वर्षात हकालपट्टी.

"वाईट कोच, वाईट लाइन, त्यात पोराचा काय दोष." हा मुद्दा (लाइन म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी) मला अर्धा मान्य आहे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स नवीन टीम म्हणून उतरली आणि पहिला पिक डेव्हिड कार याला त्या एका सीझनमध्ये ७६ वेळा सॅक केलं गेलं, तो रेकॉर्ड आहे. ७६ वेळा! १६ मॅच धरल्या तर दर मॅचला जवळपास पाच वेळा कुणीतरी सव्वाशे किलोचा माणूस त्याच्या अंगावर. तर या काराला पुढे नवी सुरुवात मिळाली का? मिळाली, २००७ मध्ये पँथर्सकडेच (काय आहे त्या गावाच्या पाण्यात देव जाणे), नंतर जायंट्समध्ये. कुठेही काही झालं नाही. कारण मार खाऊन खाऊन क्वार्टरबॅकची नजर बदलते. बॉल हातात आल्यावर त्याला अडीच-एक सेकंद मिळतात, त्यात नजर लांब, बॉल झेलणाऱ्या रिसीव्हरवर असायला हवी, पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकतो तसा तो समोरून येणाऱ्या धिप्पाड गड्यांकडे बघायला लागतो, पाय आधीच हलतात, खांदा उघडतो, बॉल वर जातो. ही सवय विमानात बसून सुटत नाही. दोष टीमचा हे कबूल, पण दोष कुणाचा आणि औषध काय हे दोन वेगळे प्रश्न आहेत, मेसेजने दोन्हींची भेळ केलीय.

एकाने यावर पृथ्वी शॉचं नाव टाकलं, २०२५ मध्ये मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळायला लागला, धावा केल्या ना म्हणून. केल्या, छान केल्या. पण बॅट्समन एकटा बॉलसमोर उभा असतो, टीम बदलली म्हणून बॅट धरायची पद्धत बदलत नाही. क्वार्टरबॅकचं अख्खं प्लेबुक बदलतं, खुणा, शब्द, सेंटरशी (त्याच्या हातात बॉल देणाऱ्याशी) असलेला अंदाज, सगळं शून्यापासून. त्याला नवीन टीम म्हणजे पहिले सहा महिने उलट ओझंच.

"नवीन गाव, प्रेशर कमी." २०२१ चा ड्राफ्ट घ्या, पहिल्या राउंडमध्ये पाच क्वार्टरबॅक. लॉरेन्स सोडून चौघांना तीन वर्षांच्या आत नवीन गाव मिळालं. आमचा झॅक विल्सन डेन्व्हरला गेला आणि २०२४ चा अख्खा सीझन एक मॅच खेळला नाही, प्रेशर खरंच कमी होतं! ट्रे लान्स डॅलसमध्ये, एक स्टार्ट. जस्टिन फील्ड्स पिट्सबर्गला ४-२ होता तरी बाकावर बसवला, मग आमच्याकडे आला २ वर्षं ४ कोटींवर आणि नोव्हेंबरात इथेपण बसवला. मॅक जोन्सची जॅक्सनव्हिलला सात स्टार्टमध्ये दोनच जीत, आणि तो जरा बरा दिसला केव्हा, तर २०२५ मध्ये, तिसऱ्या टीममध्ये, बॅकअप म्हणून, शॅनहनकडे, पर्डी जखमी झाल्यावर ५-३. ओळखीचं वाटतंय ना?

"तिथेच ठेवाल तर वाया जाईल." जॉश ॲलन. डार्नोल्डच्याच ड्राफ्टचा, सातवा पिक, पहिल्या वर्षी पास पूर्ण होण्याचं प्रमाण ५२.८ टक्के, तेव्हा त्याच्यावर काय काय जोक होते. बफेलोने त्याला कुठे पाठवला नाही, तोच कोऑर्डिनेटर ठेवला, २०२० मध्ये रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज आणून दिला आणि त्या वर्षी आकडा ६९.२. आणि ब्राइस यंग, पुन्हा पँथर्स, हे मी मुद्दाम करत नाहीये. २०२३ चा पहिला पिक, २०२४ मध्ये दोन मॅचनंतर बाकावर बसवला, सगळे म्हणाले ट्रेड करा, पोराला मोकळा करा. महिनाभर बाकावर बसला, त्याच्या जागी आलेल्या अँडी डॉल्टनच्या गाडीला अपघात होऊन अंगठा दुखावला म्हणून परत मैदानात आला, आणि वेगळाच दिसला. २०२५ मध्ये पँथर्सनी डिव्हिजन (आपला गट) जिंकली. रेकॉर्ड ८-९ होता, फार नाचू नका, पण जिंकली. गाव तेच, घर तेच.

राहिला "हक्क". हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकला. रोस्टरवर (टीमच्या यादीत) ५३ जागा, त्यात क्वार्टरबॅकच्या दोन, फार तर तीन. पहिल्या राउंडच्या पोराला तिसरी, चौथी, पाचवी संधी मिळते कारण ड्राफ्टच्या दिवशी कुणीतरी त्याच्यावर मोठा आकडा लिहिलेला असतो आणि प्रत्येक कोचला वाटतं मी याला दुरुस्त करणार. सातव्या राउंडच्या पोराने दोन वाईट मॅच खेळल्या तर त्याच्यासाठी कुणी मेसेज फिरवत नाही, तो सोमवारी लॉकर रिकामा करतो. पर्डीला जागा मिळाली तीपण पुढचे दोघं जखमी झाले म्हणून, आणि त्या दोघांत एक होता ट्रे लान्स, ज्याच्यासाठी टीमने तीन फर्स्ट राउंड पिक घातले होते. मग हक्क नक्की कुणाचा?

मला विचाराल तर टीमने सोडला तर जरूर जावं, पण कुठे जायचं हे निवडायला मिळत असेल तर स्टार्टर करतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नये. जिम प्लंकेट गूगल करा. १९७१ चा पहिला पिक, पॅट्रियट्समध्ये मार खाल्ला, १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने त्याच्यासाठी फर्स्ट राउंडच्या पिकांची रास ओतली, म्हणजे झकास नवी सुरुवात, आणि दोन वर्षांत काढून टाकला. मग रेडर्स. १९७८ मध्ये त्याने किती पास टाकले? शून्य. १९७९ मध्ये १५. १९८० च्या पाचव्या मॅचला मुख्य क्वार्टरबॅक डॅन पास्टोरिनीचा पाय मोडला आणि तेव्हा कुठे प्लंकेटला बोलावणं आलं. त्या सीझनचा सुपर बोल रेडर्सनी जिंकला, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) प्लंकेट, वय ३३.

मेव्हण्याला हे सगळं व्हॉइस नोटमध्ये पाठवलं, सात मिनिटांचं. निळी टिक आलीय, उत्तर नाही.