दुसऱ्या खुर्चीवरचे मेहली मेहता : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

व्हायोलिनवादक मेहली मेहतांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं म्हणणं असं : मेहलींना लोक प्रसिद्ध कंडक्टर (ऑर्केस्ट्राचे संचालन करणारे) झुबिन मेहतांचे वडील म्हणूनच ओळखतात, जगातला कुठलाही मोठा ऑर्केस्ट्रा त्यांच्या हाती आला नाही, परदेशी गेले ते दुसऱ्या खुर्चीवर बसायला, आणि शेवटी मुलाच्या गावी पोरांना शिकवत राहिले. त्यापेक्षा आपले व्हायोलिनवादक पंडित व्ही. जी. जोगांवर लिहा. शिवाय नातीच्या क्लासबद्दलची तक्रार, तिच्याकडे येतेच.

‘दुसरी खुर्ची’ हे शब्द मला फार लागले, म्हणून आधी तेच घेते.

१९०८ साली मुंबईत जन्मलेल्या या पारशी माणसाने १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. वादक कुठून आणायचे? व्हायोलिनवाले गोवेकर आणि पारशी. बरेचसे हॉटेलांत नाहीतर सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवून पोट भरणारे. ट्रम्पेट-क्लॅरिनेटसाठी नौदलाचा बँड. अशा लोकांना एकत्र बसवून बीथोव्हन वाजवून घेणारा माणूस त्या ऑर्केस्ट्रात पहिल्या खुर्चीवर होता, पुढे त्याचा कंडक्टरही झाला. १९४० मध्ये चौघांचा बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट काढला. १९४५ मध्ये, घरी बायको आणि दोन लहान मुलं असताना, न्यूयॉर्कला व्हायोलिनचे नामांकित गुरू इव्हान गालामियनांकडे शिकायला गेला. स्वतः इतरांना शिकवत असलेल्या माणसाने पस्तिशी उलटल्यावर पुन्हा गुरूसमोर बसायचं, याला काय लागतं ते तुमच्यासारख्या जुन्या रसिकाला मी सांगायला नको.

१९५५ मध्ये ते मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात कंडक्टर जॉन बार्बिरोलींच्या हाताखाली सहायक कॉन्सर्टमास्टर झाले. कॉन्सर्टमास्टर म्हणजे पहिल्या खुर्चीवरचा, व्हायोलिनवाल्यांचा म्होरक्या. हीच तुमची दुसरी खुर्ची. व्हायोलिनवर एकच ओळ गज खाली ओढत वाजवली तर एक वजन येतं, वर ढकलत वाजवली तर दुसरं. कुठल्या सुरावर गज फिरवायचा हे कॉन्सर्टमास्टर ठरवतो. त्या खुणा मग मागच्या प्रत्येक स्टँडवरच्या कागदावर पेन्सिलीने उतरतात. शेवटच्या बाकावरच्याचा गज उलटा गेला तर प्रेक्षकांना दिसतोच, आणि कानालाही खुपतो. कॉन्सर्टमास्टर गैरहजर असेल तर सहायकाला ऐनवेळी ती जबाबदारी उचलावी लागते. मुंबईत स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढलेला माणूस तिथे पंचेचाळिशीनंतर दुसऱ्याच्या खुणांप्रमाणे वाजवायला बसला. मला यात कमीपणा दिसत नाही. रोज असं काम केलेल्यालाच पुढे ऑर्केस्ट्रा आतून कळतो.

१९५९ ला ते अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा चौघांत) गेले, तेही दुसरं व्हायोलिन वाजवायला. एक विनंती आहे, बीथोव्हनचा ओपस ५९ मधला पहिला क्वार्टेट लावा. सुरुवातीची चाल चेलोकडे आहे. तेव्हा दुसरं व्हायोलिन आणि व्हायोला एकसारखे छोटे सूर धडधडत ठेवतात. ती धडधड किंचित जड झाली की चेलो दबतो, सैल पडली की चाल बसकण मारते. एकदा फक्त तेवढंच ऐका.

आता मुलाच्या गावी जाण्याबद्दल. झुबिन १९६२ पासून लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत दिग्दर्शक होते आणि मेहली १९६४ मध्ये तिथे गेले, हे खरंच आहे. पण त्याच वर्षी मेहलींनी अमेरिकन यूथ सिम्फनी हा तरुण वादकांचा ऑर्केस्ट्रा काढला आणि १९९८ पर्यंत, म्हणजे नव्वदीला टेकेपर्यंत, तो चालवला. मुलाच्या नावावर एखादा हंगाम निघतो. दरवर्षी जुनी पोरं जाणार, नवी येणार, पुन्हा पहिल्यापासून गज जुळवून घ्यायचे, हे तीन दशकांहून जास्त काळ कुणाच्या वशिल्यावर होत नाही. तिथून निघालेले वादक पुढे नावाजलेल्या ऑर्केस्ट्रांत बसले. आणि त्या झुबिनना ऑर्केस्ट्रा पहिल्यांदा ऐकायला मिळाला तो मुंबईत, वडिलांचाच.

जोगांवर मी नक्की लिहीन, माझंही ते दैवत आहे. बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या आपण सगळ्यांनी ऐकल्यात. पण जोगांनी किती गायकांना साथ केली, आणि व्हायोलिनवादक डी. के. दातारांनीही! वसंतराव देशपांडे सभागृहात मैफल संपल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर आपण नागपूरकर “साथ काय झाली बाप्पा!” असं म्हणतोच ना? मग मँचेस्टरच्या साथीला तोच मान का नसावा?

आता नात. तिला वार्षिक कार्यक्रमात दुसऱ्या व्हायोलिनमध्ये बसवलं म्हणून धरमपेठेतला क्लास सोडवायचा म्हणता. माझं ऐकाल तर सोडवू नका. दुसऱ्या व्हायोलिनची ओळ बहुतेक वेळा खालच्या तारांवर चालते, चाल स्वतःकडे नसते, त्यामुळे शेजारचं ऐकल्याशिवाय वाजवताच येत नाही. सर तिला कायमचं तिथेच ठेवणार असतील तर मात्र जरूर बोला : पुढच्या तुकड्यात पहिली ओळ द्या, मग पुन्हा दुसरी, असं आलटून पालटून मागा. आणि घरी रियाजाला बसली की पहिल्या व्हायोलिनचं रेकॉर्डिंग लावून त्यावर तिला तिची ओळ वाजवू द्या. कार्यक्रम कधी आहे ते कळवा, मी ऐकायला येईन.