धरलास आणि सोडलास?

इंग्लंडात रेडिंगला असताना सुट्टीच्या दिवशी मी मासे धरायला जात होतो, ही गोष्ट टिळकवाडीत कुणाला सांगू नये असं माझं आता ठाम मत झालंय. तिथला पगार सांगावा, घरभाडं सांगावं, भांडी कोण घासत होतं तेही सांगून टाकावं. लोक ऐकतात, हळहळतात, चहा देतात. माशांचं तसं नाही. कॉम्प्युटरमधलं काही सांगितलं तर समोरचा दोन मिनिटांत गप्प बसतो, कारण त्याला ते कळत नाही. मासा मात्र बेळगावात सगळ्यांना कळतो. घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही अशा गावात राहून चोर्ल्याची गाडी आज उशिरा का आली, बांगडा कारवारचा की मालवणचा, कल्ले लाल आहेत तर डोळा का बसलाय, यावर आमची माणसं तासभर बोलू शकतात.

आमचे मामा या खात्यातले वरिष्ठ.

"काय काय धरलास मग तिकडं?" त्यांनी पहिल्याच रविवारी विचारलं. ताटात सुरमई होती, विषय निघायला तेवढं पुरलं.

आम्ही चौघं होतो. निपाणीकर, कारवारी, धारवाडचा गौडा आणि मी. कल्पना कारवारीची. "आमच्या रक्तातच समुद्र आहे," असं तो कंपनीच्या कँटीनमध्ये रोज सांगायचा. त्याचे वडील बँकेत होते आणि त्याने मासा ताटातच पाहिला होता, हे आम्हाला सामान विकत घेतल्यानंतर कळलं. गौडा पक्का शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. तो फक्त घडीची खुर्ची आणि थर्मासमधला चहा यांसाठी यायचा.

इंग्लंडात गळ टाकायचा म्हणजे आधी कागदपत्रं. नदीत किंवा तळ्यात मासे धरायचे असतील तर तेराव्या वर्षापासून लायसन लागतं. ते नसताना सापडलात तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड. समुद्रात मात्र लायसन नाही. शिवाय १५ मार्च ते १५ जून नद्यांवर बंदी, कारण तो माशांच्या विणीचा काळ. हे ऐकून मामा मुळीच दचकले नाहीत. "आपल्याकडंबी १ जून ते ३१ जुलै मोठ्या बोटी बंद असत्यात की," म्हणाले. "त्यात काय नवल? खरं लायसन काढून, दंडाला भिऊन, धरलास काय ते सांग की."

इथून पुढे सांगणं अवघड होतं.

आमच्या भागात पूर्वी खडी-वाळू उपसलेल्या खाणींची तळी झाली आहेत आणि त्यांत कार्प नावाचा मासा पाळलेला असतो. पाळलेला म्हणजे लाडाने पाळलेला. तळ्याच्या मालकाला पैसे भरायचे, काठावर तंबू ठोकायचा आणि रात्रभर बसायचं. रॉड हातात धरायचाच नाही. तो स्टँडवर आडवा ठेवतात, खाली एक यंत्र असतं, मासा लागला की ते बोंबलतं. आमिष म्हणून गांडूळ बिंडूळ काही नाही. माशांची पूड, पीठ आणि अंडी कालवून उकडलेले गोळे पाकिटात मिळतात. त्यांत स्ट्रॉबेरीचा वाससुद्धा असतो. निपाणीकराने एकदा रात्री भुकेपोटी एक खाऊन पाहिला. "मीठ कमी आहे," एवढंच म्हणाला.

हा गोळा गळाला टोचत नाहीत. गळाच्या खाली केसाएवढ्या दोऱ्यावर लोंबता ठेवतात. मासा तो तोंडात ओढतो, संशय आला की थुंकायला जातो आणि थुंकताना गळ ओठात बसतो. मला हा भाग फार आवडायचा. कारवारी मात्र म्हणायचा की इतकं डोकं लावण्यापेक्षा मासा सरळ विकत आणलेला बरा.

त्या रात्री यंत्र बोंबललं ते गौडाच्या रॉडवर. गौडा खुर्चीत झोपला होता. घोंगडं अंगावरून टाकून उठला आणि त्याने रीळ उलटी फिरवायला सुरुवात केली. आम्ही तिघं त्याला तीन दिशांनी तीन भाषांत सूचना करत होतो. शेजारच्या तंबूतला एक म्हातारा इंग्रज पायात रबरी बूट घालून शांतपणे आला, त्याने जाळी पाण्यात धरली आणि एक अकरा किलोचा, सोनेरी खवल्यांचा, जाड ओठांचा मासा वर काढला.

माझ्या डोळ्यांपुढे लगेच तुकडे दिसायला लागले. डोकं आमटीला, पोटाकडचे तळायला.

म्हाताऱ्याने गवतावर एक गादी अंथरली. गादीच, खोटं सांगत नाही. आत स्पंज, वर रेक्झिन. तिच्यावर तळ्याचं पाणी शिंपडून ती ओली केली, कारण कोरड्या गादीने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो. मासा तिच्यावर निजवला. गळ सोडवला. मग खिशातून छोटी बाटली काढली आणि ओठाला जिथे गळ लागला होता तिथे कापसाच्या काडीने औषध लावलं. मासा वजनाला ओल्या झोळीत घातला. गौडाला गुडघ्यावर बसवून, मासा त्याच्या हातात देऊन फोटो काढला. मग सगळ्यांनी मिळून मासा पाण्यात नेला, तो कल्ले नीट हलवेपर्यंत पोटाखाली हात धरून थांबले आणि सोडून दिला. म्हातारा गौडाशी हात मिळवून म्हणाला, फार सुंदर मासा. गौडाच्या डोळ्यांत पाणी होतं. आमच्याही होतं, पण कारण वेगळं.

तिथे असंच चालतं. या माशांना नावं असतात. बेन्सन नावाचा एक कार्प २००९ साली मेला तेव्हा राष्ट्रीय वर्तमानपत्रांत बातम्या आल्या होत्या. वजन साधारण २९ किलो आणि आयुष्यात साठाहून जास्त वेळा धरला गेलेला. म्हणजे साठाहून जास्त वेळा सोडला गेलेला. तेव्हाच माझी खात्री पटली की इंग्रजांचा हा छंद मुळात शाकाहाऱ्यांसाठीच असणार. आमच्यात खरा गळबहाद्दर झाला तो गौडाच. पुढे त्याने स्वतःची गादी विकत घेतली.

हे सगळं मी मामांच्या घरी जेवताना जमेल तसं सांगितलं. मामांचा हात सुरमईवर थांबला.

"सोडलास?"

"सोडला."

मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी मुद्द्याला हात घातला. "का रे बाबा, वास येत होता काय?"

"जिवंत होता मामी."

"आणि औषध लावलास?" मामा म्हणाले. "मला खिळा लागलेला तवा दवाखान्यात दोन तास बाकड्यावर बसवलेलं. पावती आणा म्हणाले आधी."

मी घाईघाईने समुद्राकडे वळलो, कारण समुद्राची गोष्ट आमच्याकडे चालण्यासारखी होती. वेमथला जाऊन आम्ही एक बोट ठरवली होती, उन्हाळ्यात, मॅकरेलच्या दिवसांत. मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा विलायती चुलतभाऊ, अंगावर वाघाचे पट्टे. बंदर सुटेपर्यंत निपाणीकर आणि गौडा यांचं सीमाप्रश्नावर कडाक्याचं भांडण चाललं होतं, निपाणी कुणाची वगैरे, नेहमीचंच. बंदराच्या भिंतीबाहेर पहिली मोठी लाट आली आणि दोघं एकाच वेळी उठून एकाच कठड्यावर ओणवे झाले. १९६७ च्या महाजन अहवालाला जे साधलं नाही ते त्या लाटेने केलं. एकमेकांच्या पाठीवर हात फिरवत दोघं दोन तास तिथेच होते. माझ्या खिशात बेळगावचा आलेपाक होता तो त्यांना निम्मा निम्मा दिला, त्याचाही उपयोग झाला नाही. रक्तात समुद्र असलेला कारवारी केबिनमध्ये आडवा झाला होता आणि कोकणीत आईला हाक मारत होता.

मी एकटाच उरलो, त्यामुळे चारी दोऱ्या माझ्याकडे आल्या. मॅकरेलला आमिष लागत नाही. एका दोरीला ओळीने गळ, प्रत्येक गळाला रंगीत पीस. दोरी खाली सोडायची, हिसके देत वर ओढायची. थवा खाली असला की एका दोरीला चार-चार लटकून येतात. हे सोडायचं बंधन नव्हतं. लहान असलेले परत टाकून बाकीची अख्खी बादली भरली. आईने सामानात घातलेलं तिरफळ होतंच. त्या आठवड्यात आमटी, तळलेले, सुक्कं, परत आमटी. नारळ वाटताना मिक्सर जळला, तळताना छतावरचा धुराचा भोंगा इतक्यांदा वाजला की शेजारीण आधी घाबरून आणि मग ताट घेऊन आली. फ्रीझर संपेना. शेवटी कारवारीने आयुष्यात पहिल्यांदा श्रावण पाळला.

"हां," मामा म्हणाले, "हे बरं झालं." पण त्यांच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. अकरा किलोचा तो मासा त्यांच्या मनातून जात नव्हता. पुढे महिनाभर जो कोणी घरी येईल त्याला ते माझी ओळख, "हा धरतोय आणि सोडतोय," अशी करून द्यायचे. शहापुरात एका लग्नात मला एका अनोळखी गृहस्थांनी बाजूला घेऊन विचारलं, "तिकडं डॉक्टरला दाखवला नाहीस काय?"

म्हणून मामेभावाने खानापूरकडे मलप्रभेवर जायचं काढलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. वाटलं, दोन मासे घरी नेऊ आणि नाव पुसून काढू. पाऊस संपला होता, नदी निवळली होती. देवस्थानापासून चांगलं लांब, वळणावरची एक सावली बघून बसलो. रॉड जोडला, गळाला रबराची छोटी मासोळी लावली.

इंग्लंडात काठावर चार तास बसलं तरी कुणी बोलत नाही. मलप्रभेवर पहिला माणूस पाचव्या मिनिटाला आला. मग म्हशी घेऊन एक काका, मग शाळेला दांडी मारलेली तीन पोरं, मग मोटारसायकलवरचे दोघं, जे रस्त्याने जाताना गर्दी बघून वळले होते.

"गावलं काय?"

"नाही अजून."

"केवढ्याला ही काठी?"

मी कमी करून सांगितली तरी काकांनी कपाळाला हात लावला. एका पोराने रबरी मासोळी दाबून बघितली. "मासं रबर खातंय व्हय?" मोटारसायकलवाल्याने सांगितलं की इथे नाही, त्या दगडापाशी टाका. दुसरा म्हणाला दगडापाशी काय नाही, पलीकडे टाका. मी पलीकडे टाकायला गेलो तर काकांची म्हैस पाण्यात उतरली आणि मधोमध बसली. ती उठेपर्यंत "तू कुणाचा?" हा विषय झाला. आमच्या आजोबांचे गणेबैलला कोण होते इथपर्यंत चौकशी आली.

आणि तेवढ्यात दोरी ताणली. मोठा नव्हता, वीतभर. पण गर्दी एकदम उभी राहिली, पोरं ओरडली, मामेभाऊ पिशवी उघडून तयार. मी हात पाण्यात बुडवून ओले केले. गळ अलगद काढला. सवय वाईट. मासा पाण्यात धरला, त्याने दोनदा कल्ले हलवले आणि माझ्या हातून गेला.

कुणी काही बोललं नाही. मोटारसायकलवाल्याने दुसऱ्याकडे बघितलं. मामेभावाने पिशवी हळूच घडी करून खिशात घातली. मग म्हशीवाले काका पुढे आले, माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"नवस व्हता काय गा?"

मी एक क्षण थांबलो. "होय," म्हणालो.

वातावरणच बदललं. पोरांना काकांनी मागे सारलं. दुसऱ्या मोटारसायकलवाल्याने चपला काढल्या. कोणत्या देवाचा हे विचारलं नाही, ते विचारत नसतात. "लंडनहून आला बघ फेडायला," असं एकाने नंतर आलेल्याला सांगितलं. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. काकांच्या घरी भाकरी, झुणका, ताक आणि गुळाचा खडा. नवसाचा दिवस, म्हणून वशाटाचं नावही नाही.

घरी पोचायच्या आधी मामेभावाचा फोन पोचला होता. मामा दारातच होते. "मग आधी सांगायचं न्हाई व्हय, नवस हाय म्हणून? महिनाभर उगी लोकांत आम्ही काय काय बोललो." त्यांनी मला स्वतःच्या हाताने पाणी दिलं. आता ते तळ्यावरच्या त्या माशाची गोष्टही सांगतात, गादीसकट, औषधासकट, आणि ऐकणारे हात जोडतात. बेन्सनच्या साठ वेळांचा त्यांनी हिशोब लावलाय. साठ माणसांचे नवस.

मामींनी फक्त एवढंच विचारलं, "व्हिसासाठी बोललेलास काय?"

"हो."

"फिटला नव्हं आता?"

"फिटला."

"मग पुढच्या येळेला डबा घेऊन जा. पिशवीतनं पाणी गळतंय."