‘दोन-चार निरपराध आत गेले तर काय बिघडलं?’ खूप बिघडतं!

माझा भाचा फौजदाराच्या परीक्षेचा अभ्यास करतो. परवा आमच्या घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला आणि त्याखाली या पोराने लिहिलं, ‘शंभर टक्के खरं’. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण हा उद्या ठाण्यात बसून लोकांच्या तक्रारी लिहून घेणार आहे.

नागपुरात बऱ्याच ग्रुपांवर फिरणाऱ्या या मेसेजचं म्हणणं असं: दहशतवादी सगळे मुसलमानच असतात, म्हणून तपास तिथूनच सुरू व्हावा, त्यांच्या वस्त्यांवर, मशिदींवर कायम पाळत हवी, त्यात दोन-चार निरपराध आत गेले तरी चालेल, देश तर सुरक्षित राहतो, कोर्टातून सुटतात ते वकिलांच्या चलाखीने, आणि त्या समाजाने पोलिसांना कधीच मदत केलेली नाही.

पहिल्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. १ जून २००६ च्या पहाटे नागपूरच्या महाल भागात संघाच्या मुख्यालयावर चालून आलेले तिघे किंवा २६/११ चे दहा जण धर्माचंच नाव घेऊन आले होते. पण ‘सगळे’? नागपूरहून गडचिरोली किती लांब आहे? १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात आपले पंधरा पोलीस गेले. तो स्फोट नक्षलवाद्यांनी केला. विदर्भात राहून हे विसरायचं म्हणजे कमाल आहे.

आता तो दोन-चार निरपराधांचा मुद्दा. मला सगळ्यात जास्त संताप याचाच आहे, कारण यात माणुसकी नाही आणि अक्कलही नाही.

११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले, १८० हून जास्त माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, त्यात पाच फाशीच्या शिक्षा. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब छळ करून घेतल्याचं न्यायालयाला दिसलं. टॅक्सीवाल्यांनी आरोपींना ओळखलं ते शंभराहून जास्त दिवसांनी. ओळख परेड घेणाऱ्याला तसा अधिकारच नव्हता. बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता, हेही सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. निकालाच्या सुरुवातीलाच न्यायालय म्हणतं की खऱ्या गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. पण कोणाला तरी उभं करून गुन्हा उकलल्याचा देखावा केला, तर लोकांना खोटा दिलासा मिळतो आणि खरा धोका मोकळाच राहतो.

माझं सगळं म्हणणं त्या एका वाक्यात आलं. चुकीचा माणूस आत घातला की खऱ्याचा शोध थांबतो. लोकलमध्ये मेलेल्यांच्या घरच्यांना एकोणीस वर्षांनी काय मिळालं? त्या बारांपैकी एक जण फाशीची शिक्षा डोक्यावर घेऊन २०२१ मध्ये आपल्या नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात कोरोनाने वारला. निर्दोष ठरला, पण ऐकायला तो नव्हता. वर्धा रोडवरून जाताना ती भिंत आपण रोज बघतो.

सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलैला, हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, असं सांगितलं, हेही खरं. पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.

मालेगावचंही तेच. सप्टेंबर २००६ मध्ये शब-ए-बारातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, मेले ते बहुतेक मुसलमान आणि पकडले गेलेले नऊ जणही मुसलमानच. पाचेक वर्षांनी जामीन मिळाला, २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं.

राहिली वकिलांची चलाखी. लोकलच्या निकालानंतर दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, मालेगावच्या २००८ च्या स्फोटातले सातही आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. ते हिंदू होते. तेव्हा याच ग्रुपवर ‘सत्याचा विजय’ म्हणून पेढ्यांचे फोटो पडले होते. दहा दिवसांत न्यायाचं माप बदलतं का? पुरावा नाही म्हणून एक सुटला तर चलाखी आणि दुसरा सुटला तर विजय, हे फौजदार होऊ पाहणाऱ्याला तरी शोभत नाही. आणि दोन्हीकडे मेलेल्यांना न्याय मिळाला नाही, त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही.

पाळतीचा प्रयोग न्यूयॉर्क पोलिसांनी करून पाहिलाय. मुसलमानांच्या मशिदी, खानावळी, विद्यार्थी संघटना सगळ्यांच्या नोंदी ठेवल्या. २०१२ मध्ये त्यांच्याच वरिष्ठ अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलं की मी २००६ पासून इथे आहे, या नोंदींतून एकही तपास सुरू झालेला नाही. २०१४ मध्ये ते पथक बंद केलं.

नुकसान मात्र होतं. माझ्या दुकानाचं शिलाईकाम करणारा मोमिनपुऱ्यातला कारीगर आहे. रस्त्यात बेवारस पिशवी दिसली म्हणून त्याने पोलिसांना फोन केला. नाव सांगितल्याबरोबर पलीकडचा आवाज बदलला. पिशवीत जुने कपडे निघाले, तरी त्याला संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं. मला म्हणाला, ‘भाऊ, आता दिसली तर मी गल्ली बदलतो.’ ज्याने खबर द्यायची, त्यालाच आपण असं गप्प करतो.

शेवटचा मुद्दा धादांत खोटा आहे. २६/११ च्या नऊ हल्लेखोरांना मुंबईतल्या मुस्लिम कब्रस्तानाने जागा नाकारली, प्रेतं वर्षाहून जास्त काळ शवागारात पडून होती. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण आयसिस या दहशतवादी संघटनेत सामील व्हायला इराकला गेले, तेव्हा पोलिसांकडे धावले ते त्यांच्याच घरचे. २००९ च्या नोव्हेंबरात नायजेरियातला एक मुस्लिम बाप पोराबद्दल सावध करायला अमेरिकी वकिलातीत गेला होता. त्याचं सांगणं पुरेसं मनावर घेतलं गेलं नाही आणि २५ डिसेंबरला तोच मुलगा अंगात बॉम्ब लपवून डेट्रॉइटच्या विमानात बसला. बॉम्ब नीट फुटला नाही, प्रवाशांनी त्याला धरला. ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय, त्यांनी निदान हा एक मुद्दा तरी त्याच ग्रुपवर मागे घ्यावा.