'रशमोर'ला फक्त प्रेमत्रिकोण म्हणू नका

दिग्दर्शक वेस अँडरसनच्या 'रशमोर' या सिनेमाचा (1998) विषय निघाला की लोक एकाच ओळीत आटोपतात : 15 वर्षांचा मॅक्स फिशर शाळेतल्या बाईंच्या प्रेमात पडतो, त्याचा श्रीमंत, मध्यमवयीन मित्र ब्लूमही पडतो आणि दोघांची जुंपते. मला हे ऐकून दरवेळी वाईट वाटतं. माझ्या लेखी हा सिनेमा आई गमावलेल्या पोराचा आणि त्याच्या न्हावी बापाचा आहे.

मॅक्स महागड्या खासगी शाळेत स्कॉलरशिपवर शिकतोय. मधमाश्यापालन, सुलेखन, फ्रेंच, नाटक, सगळ्या मंडळांत हाच पुढे. अभ्यासात मात्र तळाला. अशा मुलाला आपण आगाऊ म्हणून मोकळे होतो. पण मुख्याध्यापकांना तो एकदा आठवण करून देतो, की दुसरीत त्याने अमेरिकेतल्या वॉटरगेट या राजकीय घोटाळ्यावर एकांकिका लिहिली, ती आईने वाचली आणि याने याच शाळेत जायला हवं असं तिला वाटलं. तो सात वर्षांचा असताना आई गेली. आता सांगा, ही शाळा तो कशी सोडेल? काढून टाकल्यावर सरकारी शाळेतही तो जुनाच ब्लेझर घालून जातो, तेव्हा थिएटर हसत असेल, मला गलबलून येतं.

मिस क्रॉसचंही, म्हणजे त्या बाईंचंही, तेच. तिचा दिवंगत नवरा याच शाळेचा विद्यार्थी. ती पोरांना शिकवते आणि त्याच्या लहानपणच्या खोलीत राहते. दोघांचीही माणसं या एका शाळेत अडकली आहेत. म्हणून मॅक्स तिच्याशी हद्द ओलांडतो तेव्हा ती त्याला जे रोखठोक सुनावते, ते मला फार योग्य वाटतं. ही भूमिका करणाऱ्या ऑलिव्हिया विल्यम्सचं कौतुक त्यामानाने कमीच झालं.

दोन्ही शाळांचं चित्रीकरण ह्यूस्टनचं. खासगी शाळा म्हणजे सेंट जॉन्स, जिथे अँडरसन स्वतः शिकला. सरकारी म्हणजे लमार हायस्कूल. प्रत्यक्षात दोघींमध्ये फक्त एक रस्ता आहे. (यात लिटलजीन्स ही छोटी भूमिका केलेले अभिनेते कुमार पल्लाना आपल्या इंदूरचे बरं का!)

आणि बाप. मॅक्स सगळ्यांना सांगतो की वडील मेंदूचे सर्जन आहेत. सिमोर कॅसलने हा बर्ट फिशर इतका मऊ केलाय की त्याचा आवाज चढलेला आठवत नाही. पुढे मॅक्स ब्लूमला दुकानात नेतो आणि सरळ ओळख करून देतो : हे माझे वडील. खोटं उघडं पडल्याचं ब्लूमच्या चेहऱ्यावर दिसतं, पण तो त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ब्लूम झालेल्या बिल मरेचं माझ्यासाठी सर्वोत्तम काम याच काही सेकंदांत आहे. नाममात्र मानधनावर केलेली भूमिका आहे ही!

शेवटचं व्हिएतनामवरचं नाटक मॅक्स आईला अर्पण करतो, सोबत मिस क्रॉसच्या नवऱ्यालाही. एवढं दिसूनही याला नुसता प्रेमत्रिकोण म्हणायचं?

घरात दहावी-अकरावीतलं पोर असेल तर त्याच्यासोबत बघा. अमेरिकेत याला 'आर' प्रमाणपत्र आहे (17 वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबतच बघायचा), भाषा मोकळी आहे, त्यामुळे लहानग्यांना नको.