‘नाताळ बायबलात नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

तूर शेंगांनी लवली की आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज दरवर्षी येतो. यंदा तो माझ्या भाच्यानेच टाकला, खाली हात जोडलेले तीन इमोजी. मजकूर असा: 25 डिसेंबर हा रोमन सूर्यदेवाचा वाढदिवस, नायसियाला भरलेल्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या परिषदेत तो येशूच्या नावावर चढवला. डिसेंबरच्या थंडीत मेंढपाळ रानात राहूच शकत नाहीत, म्हणजे येशू जन्मला त्या रात्री मेंढपाळ रानात होते ही खुद्द लूकच्या शुभवर्तमानाचीच साक्ष नाताळाविरुद्ध. यिर्मया संदेष्ट्याने झाड सजवायला मनाई केली आहे. प्रेषित पौलाने आपल्या पत्रात दिवस पाळणाऱ्यांना झापलं आहे. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, हा शब्द बायबलात नाही. आणि शेवटी, ‘खरे विश्वासणारे असाल तर अकरा जणांना पाठवा.’

एक गोष्ट आधीच कबूल करतो. तारीख बायबलात नाही. मत्तय सांगत नाही, लूकही सांगत नाही. बाकीचं मात्र एकेक करून बघू.

मेंढपाळांपासून सुरू करतो, कारण हा मुद्दा वावरातच खोडता येतो. सोयाबीन निघालं की माझ्या रिकाम्या तुकड्यात धनगर मेंढ्या बसवतात. मला खत मिळतं, त्यांना ज्वारी आणि थोडे पैसे. मागच्या डिसेंबरात रात्री जागलीला गेलो तेव्हा त्यांच्या शेकोटीपाशी बसलो होतो. वाघर लावलेली, बाहेर कुत्री, शेकोटीत मागच्या सालच्या पऱ्हाट्या. एक मेंढी नुकतीच व्यालेली. ते ओलं कोकरू धनगरणीने आपल्या घोंगडीत घेतलं होतं आणि त्याच घोंगडीच्या दुसऱ्या टोकाला तिचं तान्हं लेकरू झोपलं होतं. पहाटे घरी निघालो तर दवाने पँट गुडघ्यापर्यंत चिंब. थंडीत बाहेर कोण राहतं, हा प्रश्न ज्याला पडला त्याने मेंढरं राखणारा माणूस पाहिलेला नाही.

बेथलेहेमची गोष्ट फार वेगळी नाही. तिथे डिसेंबरात रात्रीचा पारा साधारण 7-8 अंशांवर येतो. थंडीची लाट आली की आमच्या नागपूर-गोंदियाकडेही तेवढाच. शिवाय त्या मुलखात पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणजे गावाजवळच्या रानात गवत असतं ते तेव्हाच. आणि बायबलचीच साक्ष हवी असेल तर उत्पत्तीचा एकतिसावा अध्याय काढा. याकोब लाबानाला ऐकवतो की तुझे कळप राखताना दिवसा उन्हाने आणि रात्री गारठ्याने मी हैराण झालो, डोळ्याला डोळा लागला नाही. यावरून येशू डिसेंबरातच जन्मला असं सिद्ध होत नाही. डिसेंबरात जन्मलाच नसेल हेही होत नाही, एवढंच.

सूर्यदेवाचं प्रकरण जरा गुंतलेलं आहे. नायसियाची परिषद 325 ची. तिथे वाद झाला तो एरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीवर, आणि तारखेचा प्रश्न होता तो ईस्टरचा. ख्रिस्तजन्म 25 डिसेंबरला असल्याची सगळ्यात जुनी नोंद सापडते ती 354 मधल्या एका रोमन संग्रहात. त्यातली ती यादी 336 च्या सुमाराची मानतात. गंमत अशी, की ‘अजिंक्य’ सूर्याचा जन्म त्याच तारखेला असल्याची जुन्यात जुनी नोंदही त्याच संग्रहात आहे. ऑरेलियन बादशहाने 274 मध्ये रोममध्ये सूर्याचं देऊळ बांधलं हे खरं, पण कोणी कोणाचा दिवस घेतला यावर अभ्यासकांत आजही दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, ख्रिस्ती लोकांनी सूर्याचा दिवस घेतला. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, जुने ख्रिस्ती येशूचा मृत्यू 25 मार्चचा धरत आणि मरियेच्या पोटी तो आला तोही दिवस तोच मानत. तिथून नऊ महिने मोजले. मला हे जास्त पटतं. पण पहिला पक्ष खरा निघाला तरी माझी झोप उडणार नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तो दिवस विजयादशमीचा होता. आमच्या गावात दसऱ्याला एक घर आपट्याची पानं वाटतं आणि शेजारचं घर पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीच्या गाडीत बसतं. दिवस एक, अर्थ दोन, हे विदर्भातल्या माणसाला कोणी समजवायची गरज आहे का?

यिर्मयाचा दहावा अध्याय मेसेजवाल्याने अर्धाच वाचला. रानातून झाड तोडतात, कारागीर ते घडवतो, सोन्या-चांदीने मढवून खिळ्यांनी पक्कं करतो, इथपर्यंत वाचून तो थांबला. पुढे लगेच लिहिलंय की ते बोलत नाही, त्याला उचलून न्यावं लागतं. काही भाषांतरांत तर काकडीच्या मळ्यातलं बुजगावणंच म्हटलंय. बोलणं चाललंय लाकडाच्या मूर्तीबद्दल. नाताळचं सजवलेलं झाड जर्मनीकडचं, यिर्मयानंतर दोन हजारांहून जास्त वर्षांनी आलेलं. आम्ही तर निंबाची फांदी रोवतो, तीन दिवसांत पानं गळतात.

पौल गलतीकरांवर रागावला कारण दिवस पाळल्यानेच देव पावतो असं त्यांना कोणी शिकवत होतं. तोच पौल रोमकरांना चौदाव्या अध्यायात लिहितो की कोणी एखादा दिवस विशेष मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, ज्याची त्याची मनात खात्री असावी. आणि योहान 10:22 बघा. मंदिराच्या पुनःस्थापनेचा सण, हिवाळ्याचे दिवस, येशू मंदिरात फिरतोय. तो सण मोशेच्या नियमशास्त्रात कुठेच नाही.

आता आगमनकाळ. शब्द नाही, कबूल. त्रैक्य हाही शब्द नाही, पण मेसेजवाल्याचा बाप्तिस्मा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानेच झाला असेल. शब्दापेक्षा त्या चार रविवारी वाचतो काय, ते बघा. पहिल्या रविवारी बाळाचं नावही नाही. लूकचा एकविसावा अध्याय: सूर्य, चंद्र, ताऱ्यांत चिन्हं, आणि ‘जागृत राहा’. ऐकणारे कोण? शेतीपंपाची लाइन रात्रीची, गव्हा-हरभऱ्याचं ओलित करून पहाटे घरी आलेले. गेल्या खेपेला मी ‘जागृत राहा’ म्हणत होतो आणि दुसऱ्या बाकावर एक जण चक्क घोरत होता. बायकोने कोपर मारलं तर म्हणतो, ‘आमेन.’

पुढे बाप्तिस्मा करणारा योहान येतो, लूक तिसरा अध्याय. लोक विचारतात, आम्ही काय करावं? दोन अंगरखे असतील तर एक नसणाऱ्याला द्या. जकातदार विचारतात, त्यांना सांगतो की ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका. आमच्यात एकाचा कापसाचा काटा आहे. हे वाचताना मी मुद्दाम त्याच्याकडे पाहत नाही, बाकी सगळे पाहतात.

हे एवढं भाच्याला टाइप करून पाठवलं नाही. फोन केला. म्हटलं, अकरा जणांचं राहू दे, रविवारी लूक तिसरा अध्याय तू वाच.

‘मामा, राती लाइन हाये, उशीर होईन.’

‘होऊ दे. ये.’